घरातला एक रिपोर्ट आणि बाकीच्यांचं रक्त

एखाद्या घरात डाउन सिंड्रोमचं बाळ जन्माला येतं, किंवा सुनेला दिवस जातात आणि दर वेळी दोन-अडीच महिन्यांत सगळं संपतं. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. दोन-तीन आठवड्यांनी कॅरियोटाइप नावाचा कागद हातात पडतो. त्यावर गुणसूत्रांची, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक माहितीच्या धाग्यांची, बारीक चित्रं जोडीजोडीने लावलेली असतात आणि खाली आकड्यांची एक ओळ असते. ती ओळ समजो न समजो, त्या संध्याकाळी घरात पहिला ठराव होतो तो असा की हे कुणाला सांगायचं नाही. दिराला नाही, नणंदेच्या सासरी तर मुळीच नाही आणि गावाकडे, निफाडला नाहीतर सिन्नरला, विषयसुद्धा काढायचा नाही. धाकट्याचं लग्न व्हायचंय ना अजून!

माझं म्हणणं या ठरावाच्या विरोधात आहे. ज्या रिपोर्टचा संबंध भावंडांच्या रक्ताशी पोचतो, तो दाबून ठेवायचा अधिकार घरातल्या कुणालाच नसावा. मात्र याच्या पुढची पायरी, म्हणजे ‘आता सगळ्यांनी तपासून घ्या’ असा हुकूम, तीही कुणाच्या हातात नसावी. सासऱ्यांच्या नाही आणि डॉक्टरांच्याही नाही. सांगण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे रिपोर्ट आहे त्यांची. तपासायचं की नाही हे ज्याच्या दंडातून रक्त काढलं जाणार त्याने ठरवावं. आपल्याकडे बहुधा याच्या बरोबर उलट चालतं. नातेवाइकांना कळू द्यायचं नाही आणि सुनेला मात्र न विचारता लॅबमध्ये नेऊन बसवायचं.

या विषयातली निम्मी भीती माहिती नसल्यामुळे आहे, म्हणून आधी ती बाजू. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हे नक्की ठरलं १९५६ मध्ये. डाउन सिंड्रोममध्ये ती ४७ असतात हे १९५९ मध्ये कळलं. डाउन असलेल्या शंभरांपैकी साधारण पंचाण्णव जणांत २१ क्रमांकाचं गुणसूत्र जास्तीचं आणि सुटं असतं. ही गडबड बहुतेक वेळा बीजांड तयार होताना, त्या एका वेळेपुरती घडते. आईचं वय वाढतं तशी तिची शक्यता वाढते. पस्तिशीत साधारण साडेतीनशे बाळंतपणांत एक, चाळिशीत शंभरात एक. अशा घरात आत्या, काका, मावशी, मामेभाऊ यांपैकी कुणालाही रक्त द्यायला लावायची गरज नसते. आईवडिलांचीही गुणसूत्रं बहुतेक वेळा ठाकठीक असतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा तसंच होण्याची शक्यता तरुण आईच्या बाबतीत एक टक्क्याच्या आसपास राहते. म्हणजे ज्या घरांत लपवालपवी चालते, त्यातल्या बहुतांश घरांत लपवण्याजोगं काही नसतंच. आत्याच्या मुलीचं स्थळ ज्या भीतीपायी जपलं जातं, त्या भीतीला बुडच नाही.

खरा प्रश्न उरलेल्या पाचांतल्या तीन-चार जणांचा आहे. इथे २१ क्रमांकाचं जास्तीचं गुणसूत्र सुटं नसतं, दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला, बऱ्याचदा १४ क्रमांकाच्या, चिकटलेलं असतं. याला ट्रान्सलोकेशन म्हणतात. अशा मुलांपैकी काहींच्या बाबतीत आई किंवा वडील वाहक निघतात. वाहकाच्या रिपोर्टवर ४५ आकडा दिसतो आणि घर हादरतं, एक कमी कसं? प्रत्यक्षात कमी काही नसतं. एखाद्या ग्रंथाचे दोन खंड एकाच पुठ्ठ्यात बांधले तर कपाटात पुस्तक एक कमी दिसेल, मजकूर तेवढाच राहतो. असा वाहक आयुष्यभर ठणठणीत असतो, शिकतो, नोकरी करतो. जवळपास हजारात एक माणूस असा असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. अडचण येते ती अपत्याच्या वेळी. वाटणीत गोंधळ झाला तर गर्भ टिकत नाही किंवा बाळ डाउनचं होतं. १४ आणि २१ च्या जोडणीत आई वाहक असेल तर डाउनच्या बाळाची शक्यता साधारण दहा ते पंधरा टक्के असते, वडील वाहक असतील तर एक-दोन टक्के. आणि वाहकाच्या सख्ख्या भावाबहिणींपैकी प्रत्येकजण वाहक असण्याची शक्यता, त्यांच्या आईवडिलांपैकी कुणाकडून ते आलं असेल तर, निम्मी.

यातून तपासणीचा क्रम आपोआप ठरतो. आधी ज्या मुलाला त्रास आहे त्याचा कॅरियोटाइप. त्यात ट्रान्सलोकेशन दिसलं तर आईवडिलांचा. त्यांच्यापैकी एक वाहक निघाला तरच त्याच्या किंवा तिच्या बाजूच्या भावंडांचा प्रश्न येतो. आपण मात्र सुरुवातच शेवटापासून करतो. डाउनचं मूल पंधरा वर्षांचं झालं तरी त्याचं निदान चेहऱ्यावरूनच झालेलं असतं, कॅरियोटाइप कधी केलेलाच नसतो. कधी घाईने फिश नावाची चाचणी होते. २१ क्रमांकाच्या प्रती तीन आहेत एवढं ती सांगते, तिसरी सुटी आहे की चिकटलेली ते सांगत नाही. आणि मग धाकट्या जावेला दिवस गेले की तिला एनआयपीटीला पळवायचं. आईच्या रक्तातून गर्भाचा अंदाज घेणारी ही चाचणी तिच्या जागी चांगली आहे, पण तो अंदाजच असतो, पक्कं निदान नव्हे. शिवाय तिचा नवरा वाहक आहे का, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. पैसे असलेल्या घरांत ‘सगळ्यात भारी टेस्ट करा’ असं म्हणून मायक्रोअॅरे करतात. ती कॅरियोटाइपपेक्षा कितीतरी महाग. तिला फार बारीक तुकड्यांची उणीव-जादा दिसते हे खरं, पण वाहकाच्या शरीरात उणंही नसतं आणि जादाही, त्यामुळे त्याचं ट्रान्सलोकेशन तिला दिसतच नाही. काही हजारांत होणारी जुनी, साधी चाचणी इथे कामाची. हे कुणी सांगत नाही, कारण शांतपणे सांगत बसायला कुणाला नेमलेलंच नसतं.

आता नाशिकचं म्हणून थोडं. पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी आहेत. कुठलं गाव, कुणाचा मुलगा, कुणाचा नातू, कोण कधी कशासाठी आलं, सगळं नोंदलेलं. आपल्या पणजोबांची सही पाहून भले भले तिथे गहिवरतात. जनुकीय समुपदेशक, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणारा माणूस, तोही पहिल्या भेटीत तीन पिढ्यांची अशीच मांडणी करतो. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ आणि पडलेल्या गर्भासाठी छोटा त्रिकोण. त्या त्रिकोणांची नोंद कुठल्याही नामावळीत नसते आणि खरं सांगायचं तर कुणाच्या आठवणीतही फार काळ टिकत नाही. उरतात ती तुटक वाक्यं. आत्याला मूलबाळ नव्हतं. मामीची दोन गेली. चुलतआजोबांचा तो मुलगा जरा भोळा होता. एकेक वाक्य ऐकून सोडून दिलं जातं. तिन्ही एका कागदावर आली तर डॉक्टर खुर्चीत सरसावून बसतील. त्यातही ‘मामीची दोन गेली’ म्हणताना मामाच्या रक्ताचा विचार कुणाच्या मनाला शिवत नाही, आणि आपलं रक्ताचं नातं तर मामाशी असतं.

त्र्यंबकला नारायण नागबळीसाठी राज्यभरातून आणि बाहेरूनही जोडपी येतात, त्यात गर्भ न टिकणारीही पुष्कळ. तीन दिवसांचा विधी, नवरा-बायको जोडीने बसतात. मी त्या विधीला हसणार नाही. दुःखाला काही तरी करायला लागतं. मला त्यात दिसते ती एक वेगळीच गोष्ट. वंशात काही आहे आणि ते दोघांनी मिळून पाहायचं, हे तिथे नवऱ्याला मान्य असतं. तो तीन दिवस सोवळ्यात बसतो. तोच नवरा गंगापूर रोडवरच्या एखाद्या दवाखान्यात पाच मिनिटांत होणाऱ्या रक्ताच्या नमुन्याला नाही म्हणतो. ‘मला काय झालंय?’ आणि सासूबाई त्याला दुजोरा देतात. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण तीन ते पाच टक्क्यांत दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांची मांडणी बदललेली असते. दोघांपैकी एकाच्या! म्हणून तपासणी दोघांची एकाच दिवशी व्हायला हवी. आधी तिची, तिची नॉर्मल आली तर मग बघू, असं म्हणण्यात वैद्यकीय कारण शून्य आहे, बाकीची कारणं आपल्याला माहीत आहेतच.

इथे एक सावधगिरीही. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा बिघाड असतो आणि तो बहुतेक वेळा योगायोगाचा. एकदा असं झालं म्हणून सबंध खानदानाचं रक्त काढायला निघू नये.

सांगण्याच्या बाजूने एवढं बोलल्यावर सक्तीच्या बाजूने बोलणारेही भेटतात. ते सुशिक्षित असतात, त्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांचं म्हणणं असं की लग्नाआधीच कॅरियोटाइप करा, बायोडेटात रक्तगटाच्या खाली एक ओळ टाका, पत्रिका बघता तर हेही बघा. दाखला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा देतात. सुरगाणा, पेठ, कळवण ही आपल्याच जिल्ह्यातली आदिवासी बहुल तालुक्यांची नावं. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आहे, ज्याचं त्याला कार्ड द्यायचं आहे. मग गुणसूत्रांचं का नको?

कारण दोन्हींचं गणित वेगळं आहे. सिकलसेलमध्ये दोघंही वाहक असले तरच दर खेपेला चारात एक मूल आजारी होण्याची शक्यता असते. ज्या समाजात वाहकांचं प्रमाण मोठं आहे तिथे आधी कळण्याला अर्थ आहे. ट्रान्सलोकेशनमध्ये जोडीदार कोण यावर काहीच ठरत नाही. कुणाशीही लग्न केलं तरी वाहकाचा प्रश्न तोच राहतो. मग बायोडेटातल्या ओळीचा उपयोग काय? एकच. स्थळ मोडायला. आणि ते कुणाचं मोडेल हे सांगायला ज्योतिषी नको. मुलाच्या रिपोर्टवर ‘हल्ली आयव्हीएफमध्ये गर्भ तपासून घेता येतो’ असं म्हटलं जाईल, ते खरंही आहे, खर्च लाखांत जातो इतकंच. मुलीच्या रिपोर्टवर फोन येणं बंद होईल.

यावर कुणी १९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाकडे बोट दाखवतं. एका एचआयव्हीबाधित माणसाची माहिती रुग्णालयाकडून बाहेर गेली, ठरलेलं लग्न मोडलं, तो न्यायालयात गेला, आणि होणाऱ्या बायकोचं आरोग्य त्याच्या गोपनीयतेपेक्षा मोठं मानलं गेलं. पण तिथे धोका तिच्या जिवाला होता. वाहकाच्या गुणसूत्रांमुळे जोडीदाराच्या केसालाही धक्का लागत नाही. माझ्या मते वाहकाने लग्न ठरवताना ज्याच्याशी लग्न करायचं त्याला किंवा तिला स्वतःच्या तोंडाने सांगावं, आणि तेही दोघं मुलांविषयी बोलायला लागल्यावर. मध्यस्थाला, मेळाव्याच्या पुस्तिकेला, दोन्हीकडच्या मामांना हे कळण्याचं काही कारण नाही.

लहान मुलांच्या बाबतीत माझं मत आणखी कडक आहे. डाउनच्या मुलाची दहा वर्षांची धडधाकट बहीण. ‘आत्ताच बघून ठेवू, म्हणजे पुढे लग्नाच्या वेळी…’ असं म्हणत आईवडील तिला लॅबमध्ये आणतात. करू नये. दहाव्या वर्षी तिच्या शरीराला त्या माहितीचा काडीचा उपयोग नाही, आणि ती घरच्या तोंडी मात्र कायमची बसते. अठरा वर्षांची झाल्यावर तिला सांगा, कागद तिच्या हातात द्या, पुढचं ती बघेल. जगभरच्या वैद्यकीय संघटनांचा कलही असाच आहे की वाहक आहे का, एवढ्याच प्रश्नासाठी अल्पवयीन मुलांना तपासू नये. मुलात काही लक्षण असेल तर गोष्ट अगदी वेगळी. वर्गातल्या सगळ्यांत बुटकी राहिलेली, वयात न आलेली मुलगी टर्नर सिंड्रोमची, म्हणजे एक एक्स गुणसूत्र नसलेली किंवा अर्धवट असलेली, असू शकते. अडीच हजारांत साधारण एक मुलगी तशी असते. तिचा कॅरियोटाइप जितका लवकर तितकं बरं, कारण उंचीसाठीचे उपचार आणि हृदयाची तपासणी त्यावर अवलंबून असते. तिथे ‘लोक काय म्हणतील’ म्हणून दोन वर्षं घालवणं हे त्या मुलीचं नुकसान आहे. आणि टर्नर सहसा पिढीजात नसतो, त्यामुळे तिच्या बहिणींना त्यात ओढायचं कारण नाही.

नको म्हणणाऱ्या प्रौढ माणसालाही त्याची कारणं असतात. विम्याची भीती हे त्यातलं एक. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जनुकीय कारणावरून आरोग्य विमा नाकारणं हा भेदभाव असल्याचं म्हटलं, पण अमेरिकेत २००८ मध्ये या भेदभावाविरुद्ध जसा स्वतंत्र कायदा झाला तसा आपल्याकडे नाही. अंबडच्या कारखान्यात कामाला असलेला एखादा तिशीतला माणूस म्हणाला, ‘मला दोन मुलं आहेत, दोघं चांगली आहेत, ऑपरेशन झालंय, मला नाही बघायचं’, तर त्याला अडाणी म्हणू नये. मुलं मोठी झाल्यावर त्यांना सांगायची आठवण तेवढी करून द्यावी.

एक गोष्ट मात्र या सगळ्या बोलण्यात नेहमी राहून जाते. ही चर्चा घरात चालते तेव्हा ते डाउनचं मूल त्याच खोलीत असतं. त्याला आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ कळतं. ‘पुन्हा असं व्हायला नको’ हे वाक्य त्याच्यासमोर दहा वेळा म्हटलं जातं. तपासणी करणं म्हणजे तसं मूल नको म्हणणं, असं गृहीत धरूनच आपण बोलतो. तसं नसतं. आधी कळलं तर हृदयाच्या बिघाडाची तयारी ठेवता येते, आणि डाउनच्या जवळजवळ निम्म्या बाळांना जन्मतः तो असतो. लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर जवळ असतील अशा ठिकाणी बाळंतपण ठरवता येतं. गर्भपाताचा निर्णयही त्या बाईचा असू शकतो, २०२१ च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंगाचं निदान केलं तर २४ आठवड्यांची अटही आड येत नाही. पण तो निर्णय चाचणीच्या आत गुंडाळून आलेला नसतो. वाहक बाई सगळं माहीत असून गर्भाची तपासणी नको म्हणू शकते. कायदाही तिच्याच बाजूने आहे. महाराष्ट्राने गर्भजल परीक्षेच्या गैरवापराविरुद्ध १९८८ मध्ये, केंद्राच्या आधी, कायदा केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. आपल्याला तो ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीपुरता ठाऊक आहे. त्याच कायद्यात गुणसूत्रांच्या विकारांसाठी गर्भाची तपासणी करायला परवानगी आहे, आणि त्यासाठी त्या बाईला समजेल अशा भाषेत सांगून तिची लेखी संमती घ्यावी लागते. तिची, सासरची नाही.

मग सांगायचं कसं? डॉक्टर रुग्णाच्या भावाला परस्पर फोन करू शकत नाहीत, गोपनीयतेचे नियम आड येतात आणि ते योग्यच आहे. फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकणं तर अघोरीच. यावर बाहेरच्या देशांत रुळलेला एक साधा उपाय आहे, पत्र. रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांनी पानभर मराठीत लिहून द्यावं: आमच्या एका रुग्णात गुणसूत्रांची अमुक मांडणी आढळली, तुम्ही रक्ताचे नातेवाईक आहात, तुमच्यात ती असू शकते, असली तरी तुमच्या तब्येतीला धोका नाही, मूल होऊ देण्याच्या विचारात असाल तर साधा कॅरियोटाइप करून घ्या, मायक्रोअॅरे नको, नाही केलात तरी तुमची मर्जी. सोबत रिपोर्टमधली ती आकड्यांची ओळ, म्हणजे पुढच्या लॅबला काय शोधायचं ते कळेल. हे पत्र भावाने भावाला, बहिणीने बहिणीला द्यावं. सुनेवर ते काम टाकू नये. तिच्या तोंडून गेलं की तो तिच्या माहेरचा विषय होतो.

त्यासाठी नाशिकमध्ये पत्र लिहून देणारं आणि अर्धा तास बोलणारं कुणी तरी हवं. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शोधायच्या आजारांच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे. मूल सापडलं की तिथेच त्याच्या कॅरियोटाइपचा आणि गरज असेल तर आईवडिलांच्या रक्ताचा प्रश्न सुटायला हवा, सरकारी खर्चाने. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच, नाशिकच्या म्हसरूळला आहे. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस जनुकीय समुपदेशक बसवणं हे सिंहस्थाच्या तयारीत रात्रंदिवस गुंतलेल्या शहराला झेपणारच नाही असं कुणी म्हणू नये.

आणि हे पत्र वेळेवर जायला हवं. गर्भाच्या वारेचा नमुना ११ ते १३ आठवड्यांत घेतात, गर्भजल १५ आठवड्यांनंतर, आणि कॅरियोटाइपला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे जावेला दिवस गेल्याचं कळल्यावर घरात कुजबुज सुरू होईपर्यंत तिची निम्मी मुदत संपलेली असते. तिला आणि दिराला हे लग्नानंतर लगेच, मूल होऊ देण्याचा विचार सुरू होण्याआधी सांगितलेलं असलं, तर दोघं सवडीने रक्त देतील किंवा देणार नाहीत. सातव्या महिन्यात, ओटी भरताना कुणा मावशीच्या तोंडून निसटलं, तर तिच्या हातात ठरवण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.